तीन दिवसांची चौकशी

मेंढ्या विण्याच्या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाला झोप झाली का म्हणून विचारत नाही. तोंडावरच दिसतं. एप्रिलच्या त्या सोमवारी आर्डिथ ट्वेटनं दुकानाचं कुलूप काढलं तेव्हा तिच्या हातांना कोपरापर्यंत अजून आयोडीनचा वास येत होता. पहाटेपासून सात मेंढ्या व्यायल्या होत्या. एकीच्या कोकराचा पाय मागं अडकला होता, तो आत हात घालून सरळ करताना तिच्या मनगटात कळ भरली होती. ती अजून गेली नव्हती. बाहेर बर्फ वितळून रस्त्याचा नुसता काळा राडा झाला होता आणि वारा काही थांबायचं नाव घेत नव्हता.

दुकान म्हणजे पुढं पेंडीची पोती, मेंढ्यांच्या मिठाचे ठोकळे, तारेची भेंडोळी, आणि मागच्या भिंतीला काचेचं कपाट. कपाटात बंदुका. त्यांचा परवाना आर्डिथच्या नावावर होता, कारण तिच्या नवऱ्याला, नॉरिसला, कागद म्हटलं की अंगावर काटा येतो. नॉरिस आणि त्याचा बाप हाल्वर बारा मैलांवर मळ्यात मेंढ्यांचं बघायचे. आर्डिथ दिवसभर दुकानात, आणि आधी-नंतर मेंढवाड्यात.

शेगडीजवळ एमिल रोथ येऊन बसला होताच. एमिल म्हणजे गावचं वर्तमानपत्र, फक्त छापत नाही एवढंच. मार्च महिनाभर तो एक कागद घेऊन फिरत होता. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला बंदूक विकली किंवा दिली, तरी आधी फोनवर त्याची चौकशी झाली पाहिजे, असा कायदा राजधानीत येऊ घातला होता. आमच्या भागात त्यावर लोक असे चिडले होते की काही विचारू नका. एमिलच्या कागदावर विरोधाच्या दीडशे सह्या होत्या. त्यातली पहिली सही आर्डिथची होती.

नऊच्या सुमारास रॉइस आला. रॉइस म्हणजे तिच्या नणंदेचा, डेलाचा नवरा. मळा ट्वेटांच्या कुंपणाला लागून, मेंढ्या त्याच्याही. दारात बूट पुसणार, टोपी काढणार, बायामाणसांना आधी जाऊ देणार. आवाज चढवलेला त्याला कुणी कधी ऐकला नव्हता. तो थेट काचेच्या कपाटापाशी गेला.

"हे दाखव जरा."

आर्डिथनं किल्ली लावली. त्यानं बोट ठेवलं होतं ते पिस्तूल होतं. आखूड, काळं.

"कोकरं पळवणारे कोयोट मारायला पिस्तूल?" ती म्हणाली. "चाळीस पावलांवरची मेंढी नाही लागायची याला."

"रायफली गेल्या ना माझ्या. गाडीतनं चोरल्या कुणीतरी." तो तिच्याकडं बघत राहिला. "डेला बोलली असेलच तुला."

"नाही बाई."

"नाही? मला वाटलं, तुम्ही दोघी सगळं बोलता."

एमिल शेगडीजवळून म्हणाला, "चोरांना कुठं फॉर्म भरावा लागतो! भरायचा आपण. घाल रे बाबा सही."

रॉइस हसला आणि फॉर्म भरायला बसला. गुन्हा केलाय का, नाही. कोर्टाचा मनाई हुकूम आहे का, नाही. एकेका चौकटीत तो नीट, सावकाश खूण करत गेला. त्याचं अक्षर सुंदर होतं. आर्डिथनं सरकारी चौकशीच्या कचेरीला फोन लावला आणि पलीकडच्या बाईला त्याचं नाव, जन्मतारीख, पत्ता सांगितला. बाई म्हणाली, थांबा.

या फोनवर तीनच उत्तरं मिळतात. द्या. देऊ नका. किंवा, तूर्त थांबा. वीस वर्षांत आर्डिथनं शेकड्यांनी फोन केले होते आणि दरवेळी 'द्या' ऐकून लगेच ठेवला होता. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा मनातल्या मनात म्हटलं, नाही म्हण. बाई गं, नाही म्हण.

"तूर्त थांबा," बाई म्हणाली, आणि एक आकडा लिहून घ्यायला सांगितला. कशासाठी थांबा, ते कधीच सांगत नाहीत.

"काय म्हणते?" रॉइसनं विचारलं.

"थांबायला सांगितलंय."

"तीन दिवस, ना? उद्यापासून धरायचे." त्यानं बोटांवर मोजलं. "मंगळ, बुध, गुरू. तोवर त्यांचं उत्तर नाही आलं तर शुक्रवारी तू मला द्यायचं."

नियम त्याला पाठ होता. तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुकानदारानं वाटल्यास माल द्यावा. 'वाटल्यास' हा शब्द नियमात आहे, पण आमच्याकडे तो कुणी कधी वापरला नव्हता. चौथा दिवस उजाडला की सगळेच देतात.

"बघू," ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात?" रॉइस म्हणाला, टोपी घातली आणि तिच्यासाठी दार ओढून घेऊन निघून गेला, वारा आत येऊ नये म्हणून.

आर्डिथनं पिस्तूल परत कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. त्या रायफली कुठं आहेत हे तिला माहीत होतं. त्या रॉइसच्याच तळ्यात होत्या. मार्चमध्ये, मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकातून डेलानं त्या एकेक करून खाली सोडल्या होत्या, आणि त्याच दिवशी ती घर सोडून कोर्टाच्या गावी गेली होती. तिथल्या वृद्धाश्रमात ती स्वयंपाक करते. घरी बापाला सांगितलं की रस्त्यात चिखल फार, पाळ्याही वाढल्यात, वसंत सरेपर्यंत मैत्रिणीकडं राहते. हाल्वरनं मान डोलावली. चिखल त्यालाही दिसत होता.

खरं फक्त आर्डिथला माहीत होतं. फेब्रुवारीत डेला दुकानाच्या मागच्या खोलीत आली आणि बाही वर करून उभी राहिली. मनगट मोडून जोडलेलं होतं. वर दंडावर पाच बोटं उठली होती, हिरवी पडलेली. "तो ओरडत नाही गं," डेला म्हणाली होती. "दार लावून घेतो, घड्याळ काढून ठेवतो. ते घड्याळ काढायला लागला की मला कळतं, आता मारणार." मग तिनं आर्डिथचा हात धरून शपथ घातली. पाला, म्हणजे हाल्वरला, सांगायचं नाही, त्याचं हृदय आधीच अर्धं गेलंय. नॉरिसला तर मुळीच नाही, तो बंदूक घेऊन निघेल आणि जन्मभर तुरुंगात सडेल.

सोमवारी दुपारी एमिल जेवायला गेल्यावर आर्डिथनं तिला फोन लावला.

"पिस्तूल घ्यायला आला होता."

मागं भांडी वाजत होती.

"शनिवारी त्याला कोर्टाचा कागद मिळालाय," डेला म्हणाली. "त्यानं माझ्याजवळ येऊ नये म्हणून मी अर्ज केलाय. शुक्रवारी दुपारी एकला जजसमोर जायचंय दोघांनी. एकदा हुकूम झाला की झालं. दिलंस तू?"

"नाही. चौकशीत अडकलंय. शुक्रवारपर्यंत."

"शुक्रवारीही देऊ नकोस. त्याचं एक प्रकरण आहे दुसऱ्या राज्यात, माझ्या आधीच्या बाईचं. त्याचा निकाल कुठं नोंदलाच नसेल, म्हणून चौकशी अडकलीय. तू नुसती कळ काढ."

"मी नॉरिसला सांगते."

"शपथ घातलीय मी तुला, आर्डिथ. हुकूम हातात आला की मीच येऊन सांगेन सगळ्यांना. चार दिवस फक्त."

चार दिवस फक्त. आर्डिथ मंगळवारी दुकानात फोन वाजला की धडपडत जाई. एकदा पेंडीचा व्यापारी निघाला, एकदा कुणाला लसीच्या बाटल्या हव्या होत्या. चौकशीवाल्या बाईचा फोन आला नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीती कुणाला दाखवायची नाही याचंही ओझं होतं. मेंढ्यांना पाणी ओतताना बादली दोनदा हातातून सुटली.

बुधवारी संध्याकाळी तिघं मळ्यावरच्या स्वयंपाकघरात बटाटे आणि मटणाचा रस्सा खात बसले होते. बूट दारापाशी, कोट खुंट्यांवर. हाल्वर ऐंशीच्या पुढचा म्हातारा, दोन्ही कानांना यंत्रं, पण विणीच्या दिवसांत पोरांच्या बरोबरीनं उभा. तो उशिरा आला होता आणि गुडघ्यापर्यंत चिखलानं माखला होता.

"कुठं होतास, पा?" नॉरिसनं विचारलं.

"कुंपणाच्या कडेला. कोयोटांनी रॉइसची दोन कोकरं नेली. एकाचं नुसतं डोकं सापडलं. बिचारा हातात फावडं घेऊन उभा होता." म्हाताऱ्यानं पाव मोडला. "ऐन विणीत माणसानं फावडं घेऊन राखण करायची म्हणजे काय. आणि बायको तिकडं गावात."

आर्डिथचा चमचा ताटलीवर वाजला. "मग?"

"मग काय? बोललो थोडं."

नॉरिसनं विषय दुसरीकडं नेला. "आर्डिथनं त्याला अडकवून ठेवलंय म्हणे. एमिल सांगत होता."

"मी नाही. फोनवाल्यांनी."

"फोनवाल्यांना काय कळतंय? हजार मैलांवर बसून रॉइस कसा माणूस आहे ते ती बाई सांगणार, आणि आपण सोळा वर्षं बघतोय त्याला, तरी आपण गप्प बसायचं. हेच म्हणतो ना आपण. तूच सही केलीस."

"केली."

"मग?"

"मग काही नाही. मी शुक्रवारी देणार नाहीये त्याला."

नॉरिस जेवायचा थांबला. "का?"

"मला वाटत नाही द्यावं म्हणून."

"वाटत नाही?" तो हसला, पण त्यात हसू नव्हतं. "घरचा माणूस आहे तो. माझ्या बहिणीचा नवरा. नियम म्हणतो चौथ्या दिवशी द्या, आणि तुला वाटत नाही. उद्या लोक म्हणतील, ट्वेटांच्या दुकानात आता सुनेला विचारून बंदूक मिळते."

हाल्वर यंत्र नीट बसवत म्हणाला, "माझा बाप म्हणायचा, विणीच्या दिवसांत फाटकाशी कुणी काही मागितलं तर का म्हणून विचारायचं नाही. दोर मागितला, दोर द्यायचा. घोडा मागितला, घोडा. आपल्यालाही लोकांनी असंच दिलंय, म्हणून टिकलो इथं. आता त्यासाठीही फोन करायचा म्हणे सरकारला." त्यानं रश्श्यात पाव बुडवला. "करा बाबा. मी काही करायचा नाही."

आर्डिथ उठून भांडी घासायला लागली. त्याच क्षणी तिनं वळून खुंट्यांकडं बघायला हवं होतं. हाल्वरचा जाड कोट एरवी फुगलेला दिसायचा, कारण त्याच्यामागं त्याची जुनी रायफल टांगलेली असायची. बुधवारी तो भिंतीला चिकटून सपाट लोंबत होता. पण तिची पाठ तिकडं होती.

गुरुवारीही फोन आला नाही.

शुक्रवारी सकाळी पेंडीची गाडी खाली करायला नॉरिस दुकानात आला होता. मागच्या कोठारात पोती रचत होता. एमिल शेगडीजवळ. नऊच्या ठोक्याला रॉइस आत आला, बूट पुसले, टोपी काढली.

"आलं का उत्तर?"

"नाही."

"मग झालं." त्यानं काउंटरवर हात ठेवला.

आर्डिथनं किल्ली खिशात घट्ट धरली होती. "मी देणार नाही, रॉइस. नियम म्हणतो, वाटल्यास द्यावं. मला वाटत नाही."

शेगडीजवळ एमिलचा कप अर्ध्यावर थांबला. कोठारात पोतं टाकल्याचा आवाज आला आणि मग येईनासा झाला.

रॉइसनं सावकाश मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा चाचपला. आर्डिथला ते दिसलं आणि ती एक पाऊल मागं सरकली. पण त्यानं घड्याळ काढलं नाही.

"ठेव तुझ्याकडं," तो मऊपणे म्हणाला. "तुझ्या सासऱ्यानं बुधवारीच त्याची रायफल दिली मला. फाटकावरून. काही विचारलंसुद्धा नाही बिचाऱ्यानं."

तो गेला. नॉरिस कोठाराच्या दारात येऊन उभा होता, कानापर्यंत लाल.

"एमिलसमोर!" तो म्हणाला. "एमिलसमोर माझ्या बहिणीच्या नवऱ्याला तू चोर ठरवलंस!"

आर्डिथनं डेलाचा नंबर लावला. बंद. परत लावला. बंद. कोर्टात जायचं म्हणून बंद करून ठेवला असेल. तिनं कोट ओढला, गाडीची किल्ली घेतली.

"मी मळ्यावर पाकडं चाललेय. मी येईपर्यंत त्या कपाटातलं काहीही बाहेर काढायचं नाही. कळलं?"

"का पण? कारण तरी सांग."

एमिल मान वाकडी करून ऐकत होता. इथं सांगितलं तर दुपारपर्यंत ते सगळ्या तालुक्याला कळलं असतं, आणि त्यांच्याआधी रॉइसला.

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. नॉरिसला कोठारात ओढून कानात सांगायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं पुढं तिला जन्मभर पुरली.

हाल्वर मेंढवाड्यात पेंढ्यावर गुडघे टेकून मेलेलं कोकरू सोलत होता. हे काम आमच्याकडे म्हातारेच नीट करतात. कातडं अखंड काढायचं, चार पायांची चार भोकं ठेवून, आणि ते आईविना राहिलेल्या दुसऱ्या कोकराला सदऱ्यासारखं चढवायचं. मेंढी शेपटीशी नाक लावते, स्वतःच्या पोराचा वास आला की दूध देते. बाजूला एक मेंढी पान्हा दाटून ओरडत उभी होती.

"पा, रायफल दिलीस तू रॉइसला."

"दिली. का गं?"

"तो डेलाला मारतो."

म्हाताऱ्याचा सुरा थांबला. त्यानं कानाचं यंत्र दाबलं, जणू त्याचाच दोष होता. "कोण म्हणतं?"

"डेला म्हणते. तिनं मला शपथ घातली होती. मनगट त्यानंच मोडलं."

"ते वासराला ओढताना मोडलं."

"त्यांच्याकडं वासरंच नाहीत, पा."

हाल्वर बघत राहिला. त्याला ते ठाऊक होतं. सोळा वर्षं कुंपणापलीकडं तो फक्त मेंढ्याच बघत होता. फेब्रुवारीत लेकीनं वासराचं नाव घेतलं तेव्हाही त्याला ते ठाऊक होतं. त्याचे रक्ताळलेले हात मांडीवर पडून राहिले. पेंढ्यातलं आईविना कोकरू उठून त्याच्या बोटाला लुचायला लागलं.

"ती गावात चिखलामुळं नाही राहत," तो म्हणाला.

"नाही. आज एक वाजता कोर्ट आहे. तो तिकडंच निघणार."

हाल्वर उठायला गेला, उठवेना. आर्डिथनं काखेत हात घालून त्याला उभं केलं. सोललेलं कातडं तसंच पेंढ्यात राहिलं.

दोन मळ्यांमधल्या फाटकाशी जाऊन त्यानं गाडीचा भोंगा दोनदा वाजवला. शेजाऱ्याला बोलवायची हीच रीत. दोघं वाट बघत बसले. आर्डिथला वाटत होतं, येऊच नये. आणि नाही आला, तर तो कोर्टाकडंच गेला असणार.

रॉइसची गाडी आली. तो दाढी करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून निघाला होता. खाली उतरला, पण गाडी बंद केली नाही.

"काय पा?"

हाल्वर फाटकाला धरून उभा होता. "रायफल दे बाबा. माझ्या कोकरांत कोयोट शिरलाय."

"तुम्हीच म्हणालात, महिनाभर ठेव."

"म्हणालो. आज मला लागतेय."

रॉइसनं आर्डिथकडं पाहिलं, मग म्हाताऱ्याकडं. वाऱ्यानं फाटकाची साखळी वाजत होती. फाटकाशी कुणी आपलं मागितलं तर का म्हणून विचारायचं नाही, हे त्यालाही लागू होतं, आणि सोळा वर्षं याच रीतीत राहिलेला तो माणूस क्षणभर त्यातच अडकून उभा राहिला. आर्डिथ मनात आकडे मोजत होती. अकरापर्यंत पोचली.

त्यानं गाडीचं दार उघडलं. रायफल मागच्या अडकणीवर नव्हती. शेजारच्या सीटवर, त्याच्या हाताशी, कोटाखाली होती.

हाल्वरनं ती फाटकावरून घेतली आणि भरलीय का ते बघायला सवयीनं खटका मागं ओढला. एक काडतूस उडून चिखलात पडलं. भरलेली बंदूक गाडीत ठेवायची नाही, हे आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

"कोयोट कधी समोर येईल, सांगता येत नाही," रॉइस म्हणाला.

"खरंय," हाल्वर म्हणाला.

गाडी गेली तसा म्हातारा फाटकाच्या खांबाशी बसकण मारून बसला. "चर्चमध्ये पोरगी दिली तेव्हा विचारलं नाही," तो म्हणाला. "फाटकावर बंदूक दिली तेव्हा विचारलं नाही. मला वाटायचं, ही माणुसकी आहे." आणि तो रडला, तोंड न झाकता. आर्डिथनं चिखलातलं काडतूस उचलून खिशात टाकलं. तिलाही रडू येत होतं, पण ते सुटकेचं होतं. मिळाली होती बाई रायफल. आता त्याच्याजवळ काही नव्हतं.

परतताना ओढ्याच्या उतारावर गाडी रुतली. चाकं फिरत आणि चिखल काचेवर उडे. दीड तास आर्डिथ फावड्यानं चर काढत होती आणि हाल्वर चाकांखाली पेंढा सारत होता. फोनला तिथं रेंज नसतेच. दुकानात पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते, दोघं कमरेपर्यंत काळे.

एमिल घरी गेला होता. नॉरिस काउंटरमागं उभा होता, शांत, जरा खूशच. बापाला बघून त्याला नवल वाटलं. "रायफल घेऊन कुठं निघालास, पा?" मग तो बायकोकडं वळला. "हे बघ, चिडू नकोस. मी मिटवलंय सगळं."

"काय मिटवलंस?"

"रॉइस बाराच्या सुमारास परत आला. चांगला शर्टबिर्ट घालून. म्हणाला, पानं रायफल परत मागून घेतली, आर्डिथ शेजारी उभी होती, माझं काय चुकलंय ते तरी सांगा. डोळ्यांत पाणी होतं गं त्याच्या. मला लाज वाटली." नॉरिसनं फॉर्म पुढं सरकवला. "कागदात खोट नव्हती. चौथा दिवस, उत्तर नाही. गल्ल्यातली दुसरी किल्ली लावून मी दिलं त्याला ते पिस्तूल."

आर्डिथनं काचेच्या कपाटाकडं पाहिलं. मधली जागा रिकामी होती.

"गोळ्यांची एक पेटी वर दिली. तू बोललीस त्याबद्दल. माफी मागितली तुझ्या वतीनं."

मग तिनं सांगितलं. शपथ, मनगट, पाच बोटं, घड्याळ, तळं, कोर्ट, सगळं एका दमात, दोन मिनिटांत. नॉरिसचा हात काउंटरवरच्या फॉर्मवर होता, तो त्यानं चटका बसल्यासारखा मागं घेतला.

फोन वाजला. आर्डिथनं झडप घातली.

"आर्डिथ?" डेला होती. ती हसत होती, की रडत होती, दोन्ही. "दिला गं जजनं कागद! वर्षभर माझ्या जवळपास फिरकायचं नाही. आणि बंदूक बाळगायची नाही, तसं लिहिलंय त्यात, मी दोनदा वाचलं. पा आहे का तिथं? आता मीच सांगते त्याला. आता सगळ्यांना सांगते."

"तू कुठंयस?"

"कोर्टातच, वरच्या मजल्यावर. तो आत आलाच नाही. गाडी बाहेर उभीय, इथनं खिडकीतनं दिसतेय मला. नुसता बसून राहिलाय आत. बसू दे. आता मी घाबरत नाही."

"डेला, खिडकीपासून लांब हो. खाली उतरू नकोस. दारावरच्या पोलिसाला बोलव, आत्ता. त्याच्याजवळ पिस्तूल आहे."

"नाही गं, ते सगळं बुडवलं ना मी."

"नवीन आहे. आपल्या दुकानातलं."

डेलाचं हसणं थांबलं. शेगडीतला निखारा फुटल्याचा आवाज दुकानभर ऐकू आला. हाल्वर रायफल धरून पोत्यांशी उभा होता.

"तू दिलंस त्याला?" डेलानं विचारलं.

आर्डिथनं तोंड उघडलं, पण त्याआधी नॉरिसनं तिच्या हातातून फोन घेतला.

"तिनं नाही," तो म्हणाला. "मी दिलं, डेला. गोळ्याही मीच दिल्या."

डेलानं फोन ठेवला नव्हता. खिडकीशी उभ्या असलेल्या बहिणीचा श्वास त्याला स्पष्ट ऐकू येत होता.